तेल केसांना लावायचं की डोक्याला? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तेलाबद्दल काहीही विचारा म्हटलं आणि प्रश्नांचा ढीगच आला, सगळे वाचले पण सगळे इथे मावणार नाहीत म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. एक गोष्ट आधीच सांगते कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे. डोक्याच्या बाहेर दिसतो तो केस म्हणजे जिवंत काही नाही, तो एक धागा आहे, आणि तेल त्या धाग्याला जपतं. केस जिथून उगवतो ते मूळ कातडीच्या आत असतं आणि ते पोसलं जातं रक्तावर, म्हणजे तुमच्या जेवणावर, झोपेवर, तब्येतीवर. मी कॉस्मेटिक केमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

प्रश्न: आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, खूप जड. केस पार केरसुणीसारखे झालेत, टोकाला फाटे फुटतात. बहीण म्हणते बदाम तेल लाव, शेजारीण म्हणते ऑलिव्ह, जाऊबाई एरंडेल लावतात. मी लहानपणापासून खोबरेलच लावते, ते बदलू का? (गृहिणी, लातूर)

उत्तर: नका बदलू ताई. फक्त लावायची वेळ आणि पद्धत बदला.

केसाच्या बाहेरच्या बाजूला बारीक खवले असतात, कौलारू घरावर कौलं कशी एकावर एक बसवलेली असतात तसे. केस भिजला की पाणी आत शिरतं, केस फुगतो, कौलं उचलली जातात, मग आपण टॉवेलने खसाखसा पुसतो, ओल्यातच कंगवा घालतो, आणि दर धुण्याला थोडी थोडी कौलं निघून जातात. जड पाण्यातले क्षार त्यावर बसतात म्हणून हाताला आणखीच खरखरीत लागतं. आता खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक अ‍ॅसिड असतं, त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरू शकतं आणि तिथे बसून पाण्याला जास्त आत येऊ देत नाही. मुंबईच्या दोन संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑईल अशी तिन्ही तेलं केसांवर लावून तपासली होती, धुण्यात आणि विंचरण्यात केसातलं प्रोटीन किती जातं ते मोजलं, त्यात फक्त खोबरेलाने ते जाणं चांगलं कमी केलं. ते दोघं तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हेही सांगायला हवं, पण त्यामागचं केमिस्ट्रीचं कारण पटण्यासारखं आहे म्हणून मी ते मानते.

यातून काय घ्यायचं तर तेल धुण्याच्या आधी लावायचं. न्हाऊन आल्यावर चमक यावी म्हणून थापायचं नाही. आधी कोरडे केस मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवून घ्या, मग चहाचे दीड-दोन चमचे तेल, कमरेपर्यंत केस असतील तर तीन, तळहातावर चोळून केसांच्या मधल्या भागापासून टोकापर्यंत लावा, टोकांना जास्त. डोक्याच्या कातडीला उरलेल्या हाताने हलकं चोळलं तरी पुरे. अर्धा-एक तास ठेवा, रात्रभर ठेवलं तरी केसांना चालतं. धुताना शाम्पू फक्त डोक्याला लावा, फेस खाली ओघळतो तेवढ्यात केस साफ होतात. आणि शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा, नळाला येतं किंवा फिल्टरचं असेल ते, तेवढा एक तांब्या जरी बाजूला ठेवलात तरी फरक हाताला कळेल. फाटे मात्र कुठल्याच तेलाने जुळत नाहीत, ते बोटभर कापूनच टाका.

ऑलिव्ह वाईट नाही, पण खोबरेल घरात असताना त्यासाठी जास्तीचे पैसे का घालायचे. बदाम तेलाच्या बाटलीचं लेबल मात्र वाचा बरं का. त्यावर घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, जे जास्त ते आधी. पुष्कळ बाटल्यांवर पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन असतं आणि बदाम कुठेतरी शेवटी. पॅराफिन विष नाही, ते केसावर बसून गुळगुळीत करतं, पण तुम्ही पैसे बदामाचे देताय. एरंडेल फार दाट आणि चिकट, एरंडेल लांब केसांना थापून धुतल्यावर सगळ्या केसांचा एकच घट्ट गोळा झाला आणि शेवटी कापावे लागले अशा केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. क्वचित होतं, पण झालं तर केस जातात. जाऊबाईंना सांगा, एक चमचा एरंडेल तर चार चमचे खोबरेल.

प्रश्न: ताई, मला ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता, आता नोव्हेंबरमध्ये केस मूठमूठ जातायत, हॉस्टेलच्या बाथरूमची जाळी रोज तुंबते. रील बघून कांद्याचं तेल मागवलं, दोन बाटल्या संपल्या, काहीच फरक नाही. तेल लावलं की उलट जास्तच येतात हातात. टक्कल पडेल का? खूप भीती वाटते. (कॉलेज विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर: नाही पडणार टक्कल. आधी शांत हो, आणि हे नीट वाच.

मोठा ताप आला की शरीर आपली ताकद जिथे गरज आहे तिथे वळवतं आणि एकदम खूप सारे केस वाढायचे थांबून विश्रांतीत जातात. विश्रांतीतला केस लगेच पडत नाही, दोन-तीन महिने तसाच अडकून राहतो आणि मग खालून नवा केस यायला लागला की गळतो. ऑगस्ट ते नोव्हेंबर, तुझा हिशोब बरोब्बर जुळतोय. बाळंतपणानंतर, मोठ्या ऑपरेशननंतर, कडक डाएटनंतर असंच होतं. एरवीही रोज ५० ते १०० केस जातातच, चार दिवस न धुता वेणीत ठेवले की ते सगळे एकदम न्हाताना निघतात म्हणून जास्त वाटतात. तेल चोळल्यावर हातात येतात ते आधीच सुटलेले असतात, तेलाने ते तोडलेले नाहीत. ही गळती साधारण तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरते. आरशात भांगाजवळ नीट बघ, कपाळावर बारीक बारीक उभे राहिलेले केस दिसतील, ते नवीन आहेत. केस महिन्याला सेंटिमीटरच्या आसपास वाढतो त्यामुळे वेणीत पूर्वीचा भरलेपणा दिसायला वर्ष तरी जाईल, तेवढा धीर धर.

आता कांदा. हे कांद्याचं प्रकरण आलं कुठून तर २००२ साली बगदादच्या डॉक्टरांनी एक छोटा प्रयोग छापला होता, चाई पडलेल्या लोकांना, म्हणजे डोक्यावर रुपयाएवढे गुळगुळीत चट्टे पडतात ना ते, दिवसातून दोनदा कच्च्या कांद्याचा रस लावला, आणि त्या २३ जणांपैकी २० जणांना सहा आठवड्यांत केस आले. पण तो रस होता, तेल नव्हतं, आणि आजार चाईचा होता, तुझ्यासारखी गळती नव्हतीच. चाई बरेचदा आपोआपही भरून येते. एवढ्याशा प्रयोगावर सगळ्या प्रकारच्या केसगळतीला कांद्याच्या बाटल्या विकल्या जातायत आणि तुझ्यासारख्या मुली खर्चाच्या पैशातून त्या घेतायत याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरी बाटली घेऊ नकोस, त्या पैशात हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरात साठलेलं लोह) आणि थायरॉईड तपासून घे. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ५७ टक्के जणींना रक्त कमी आहे, हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. मेसचं जेवण अर्धं टाकून देणाऱ्या हॉस्टेलच्या मुलींना मी रोज बघते, म्हणून विचारते, तू नीट जेवतेस का? रोज एक अंडं किंवा मूठभर भिजवलेली मटकी, हरभरे, शेंगदाणे, डाळ ताटात असू दे. सहा महिन्यांनंतरही गळती थांबली नाही तर स्किनच्या डॉक्टरांकडे जायचं.

गळतीचं कारण पोटातून, रक्तातून येतं याचं अगदी आपल्याकडचं उदाहरण म्हणजे बुलढाण्याचं. शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये डिसेंबर २०२४ पासून लोकांचे केस काही दिवसांत हातात यायला लागले, लहान मुलं, बाया, पुरुष सगळे, आणि लोक आधी पाण्याला, तेलाला, शाम्पूला दोष देत होते. डॉ. हिंमतराव बावस्करांनी नमुने तपासून घेतले तेव्हा रक्तात, केसांत सेलेनियम नावाचं खनिज खूप वाढलेलं निघालं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. अशा वेळी बाहेरून कुठलं तेल काय करणार.

प्रश्न: वय २८, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे चाललेत, वडिलांनाही टक्कल आहे. रोझमेरी तेल मिनॉक्सिडिलएवढंच काम करतं हे खरं का? (ठाणे)

उत्तर: २०१५ साली इराणमध्ये १०० पुरुषांवर ही तुलना झाली होती, सहा महिने, निम्म्यांना रोझमेरी आणि निम्म्यांना २ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल, म्हणजे टकलावर डोक्याला लावायचं औषध. शेवटी दोन्हीकडे केस सारखेच थोडे वाढले, तीन महिन्यांपर्यंत तर दोन्हीकडे काहीच दिसलं नव्हतं. आता पुरुषांना साधारण ५ टक्क्यांचं देतात, त्याच्याशी ही तुलना नाही, आणि काहीच न लावणारा गटही त्यात नव्हता. त्यामुळे "एवढंच" हा शब्द मी वापरणार नाही. लावून बघायचं असेल तर निव्वळ कधीच नाही, १० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ४-५ थेंब, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस बघा खाज येते का. पण तुमच्या घराण्यात आहे आणि वय २८ आहे, म्हणजे वेळ महत्त्वाचा आहे भाऊ, मूळ एकदा पार बारीक होऊन गेलं की परत आणता येत नाही. तेलात वर्ष घालवू नका, या महिन्यातच डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: मुलाच्या (वय १५) डोक्यात खूप कोंडा आहे, शाळेच्या शर्टावर पडतो. सासूबाई म्हणतात डोकं कोरडं पडलंय म्हणून कोंडा होतो, रोज रात्री तेल जिरव. मी जिरवते पण कोंडा वाढतच चाललाय. (कोल्हापूर)

उत्तर: सासूबाईंची माया खरी आहे, पण इथे उलटं होतंय. कोंडा बहुतेक वेळा कोरडेपणाचा नसतो. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची एक बुरशी राहते, तिचं खाणं म्हणजे स्निग्ध पदार्थ, कातडीतून सुटणारं तेल. पंधराव्या वर्षी हे तेल आधीच जास्त सुटतं, त्यावर तुम्ही रोज रात्री वाटीभर आणखी वाढताय. तेल लावल्यावर पापुद्रे केसाला चिकटून बसतात म्हणून रात्री कमी दिसतात आणि सकाळी परत.

महिनाभर डोक्याला तेल पूर्ण बंद. केमिस्टकडे ही बुरशी कमी करणारा २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो, आठवड्यातून दोनदा, डोक्याला लावून तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा मग धुवायचा, लगेच धुतला तर उपयोग होत नाही आणि बहुतेक जण हीच चूक करतात. पापुद्रे फार जाड असतील तर धुण्याच्या आधी अर्धा तास थोडं तेल लावून मऊ करून घेतलं तर चालेल, पण रात्रभर नाही. लिंबू चोळू नका, आग होते आणि खरवडलेल्या जागी झोंबतं. कपाळावर पुरळ असेल तर तेही बघा तेल बंद केल्यावर कमी होतं का. चार आठवड्यांत फरक नाही पडला, किंवा चांदीसारखे जाड पापुद्रे, चट्टे, रक्त असं काही असलं तर डॉक्टर.

सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला त्यांच्या हातून त्याला तेल लावून घ्या, ते तासाभरात उटण्याबरोबर धुतलं जातंच.

प्रश्न: लाकडी घाण्याचं खोबरेल खरं आहे की भेसळ हे कसं ओळखायचं? आणि दुकानातल्या निळ्या बाटलीवर खाद्यतेल का लिहिलेलं असतं, ते केसांना चालतं ना? (सिंधुदुर्ग आणि नाशिकहून दोघांचे प्रश्न)

उत्तर: चालतं, उलट तेच घ्या. खाद्यतेल म्हटलं की नुसतं खोबरेल, त्यात सुगंध-रंग नाही, आणि त्यावर परवाना क्रमांक, हिरवा ठिपका असतो. तसं लिहिण्यामागे कराची भानगडही होती, खायच्या तेलाला तेव्हा कर कमी आणि हेअर ऑईलला जास्त होता, त्यावर वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शुद्ध खोबरेल छोट्या बाटलीत खाद्यतेल म्हणून विकलं तर ते खाद्यतेलच, लोक डोक्याला लावतात एवढ्यावरून ते हेअर ऑईल होत नाही.

भेसळीसाठी काचेच्या पेल्यात थोडं तेल घेऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे ते सगळं पांढरं घट्ट झालं पाहिजे. वर पातळ थर राहिला तर त्यात दुसरं काहीतरी आहे. पाम कर्नल तेलाची भेसळ यात पकडता येत नाही कारण तेही असंच गोठतं. म्हणून दुसरी एक परीक्षा, हिशोबाची. लाकडी घाण्यावर लिटरभर तेलाला दीड ते पावणेदोन किलो सुकं खोबरं लागतं. बाजारात खोबऱ्याचा किलोचा भाव विचारा, त्याला दीडने गुणा, आणि घाण्याच्या तेलाची बाटली त्याहूनही स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. २०२५ मध्ये खोबऱ्याचे भाव चढले तेव्हा "घाण्याचं शुद्ध" म्हणून जुन्याच भावात विकणारे मी पाहिलेत, त्यांच्याकडे नारळ काही वेगळ्या भावाने येत नव्हता.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई गावाहून माक्याचं तेल पाठवायची, आता ती नाही. मला ते स्वतः करायचंय, इथे वाळलेली माक्याची पावडर मिळते. नीट कृती सांगाल का? आणि इथे थंडीत तेल गोठतं, परत परत गरम केलं तर खराब होतं का?

उत्तर: तुमचं पत्र दोनदा वाचलं. सांगते, अगदी सावकाश.

ओला माका मिळाला तर ओळख अशी, शेताच्या बांधावर, पाटाच्या कडेला उगवतो, बारीक पांढरी फुलं, आणि देठ चुरगळला की बोटं थोड्या वेळात काळसर निळी होतात. पिवळ्या फुलांचा माका वेगळा. तुमच्याकडे पावडर आहे, तेही चालेल. जुन्या शास्त्राचं माप म्हणजे कल्क एक भाग, तेल चार भाग, पाणी किंवा काढा सोळा भाग. म्हणजे ५० ग्राम पावडर पाण्यात कालवून लगदा करा, २०० मिली तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल, आणि ८०० मिली पाणी. पाण्याऐवजी माक्याचाच काढा घेतलात तर जास्त चांगलं. जाड बुडाचं पातेलं किंवा लोखंडी कढई, अर्ध्याहून जास्त भरू नका कारण नंतर फेस वर येतो. मंद आंच आणि अधूनमधून तळापासून ढवळायचं. दोन-तीन तास जातात, घाई केली की खालचा लगदा करपतो आणि तेलाला जळका वास येतो तो पुन्हा जात नाही.

झालं कधी समजायचं तेच महत्त्वाचं. माझी आजी कढईतला थोडा चोथा चमच्याने काढून, निवला की दोन बोटांत वळून त्याची वात करायची आणि चुलीच्या जाळावर धरायची. तडतडली की म्हणायची, अजून पाणी आहे गं, थांब. आवाज न करता शांत पेटली की कढई खाली. तोवर वर पांढरा फेस आलेला असतो आणि बुडबुड्यांचा आवाज बंद झालेला असतो. तिने ग्रंथ वाचला नव्हता पण ग्रंथातही हीच परीक्षा आहे. पाणी राहिलं तर महिन्याभरात तेलाला बुरशी धरते, म्हणून एवढा जपून बघायचं. तुमच्याकडे चूल नसेल, चिमट्यात धरून मेणबत्तीवर बघा, कढईपासून लांब. मग कोमट असतानाच मलमलच्या फडक्यातून गाळा आणि कोरड्या ठणठणीत काचेच्या बाटलीत भरा.

या तेलाने केस नवे उगवतात असं मी सांगणार नाही. तेलाचं काम ते करेल, आणि तो वास घरात येईल.

गोठण्याने खोबरेल खराब होत नाही. सगळी बाटली तापवू नका, लागेल तेवढं वाटीत काढून वाटी गरम पाण्यात ठेवा. थंडीत तुमच्याकडे तिळाचं सोपं पडेल, ते गोठत नाही.

प्रश्न: मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात, तेलात सीताफळाच्या बियांची पूड घालून लावू का? (बीड)

उत्तर: नका लावू, कृपा करून नका लावू. ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, डोळा लाल भडक, प्रचंड वेदना, उजेड सहन होत नाही, आणि आपल्याकडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना अशा केसेस नेहमीच्या आहेत. डोकं धुताना पाणी डोळ्यात जाणारच ना. चुकून आधी लावली असेल आणि डोळा झोंबत असेल तर भरपूर साध्या पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

नुसतं खोबरेल भरपूर लावा, त्याने उवा मरतीलच असं नाही पण सुस्तावतात आणि फणी सरकते. बारीक दातांची फणी, पांढरं फडकं मांडीवर, थोडे थोडे केस घेऊन मुळापासून टोकापर्यंत, दर दोन-तीन दिवसांनी, निदान दोन आठवडे, कारण लिखांतून आठवड्या-दीड आठवड्यात नव्या उवा निघतात. केमिस्टकडे परमेथ्रिनचं लोशन मिळतं, मुलीचं वय सांगून डॉक्टरांना विचारून घ्या. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघा, आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या आईलाही सांगा.